हरणाचं फंक्शन कुणी गप्प केलं?

१

नाट्यगृहाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आत गेले आणि त्यांचा कोट दारातच राहिला.

म्हणजे कोट तसा अंगातच होता. फीत कापून पाहुणे ऐटीत दोन पावलं पुढे झाले, आणि आपोआप उघडणारं ते काचेचं दार त्यांच्या कोटाच्या मागच्या टोकावर मिटलं. पाहुणे थबकले. दाराने त्यांना पाहिलं, अदबीने उघडलं, आणि ते कोट सोडवून घेणार तेवढ्यात परत मिटलं. उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. दाराच्या कडांना रबर असल्यामुळे जखम झाली नाही, नुसता अपमान झाला. शेवटी पाहुण्यांनी कोट काढून दाराला देऊन टाकला आणि भाषण शर्टावर केलं. विषय होता, 'माणसाचा मित्र : तंत्रज्ञान'.

दार आमच्या कंपनीचं. म्हणजे काच दुसऱ्याची, चौकट तिसऱ्याची. पण दाराच्या डोक्यावर जी छोटी पेटी असते, कधी उघडायचं आणि किती वेळ थांबायचं हे दाराला सांगणारी, ती आमची. पेटीत चिप, आणि चिपवर कर्नल. मशीन जागं झालं की सगळ्यात आधी उठतो आणि बाकीच्या प्रोग्रॅमना कामाला लावतो तो कर्नल. तोही आमच्याच घरचा. त्यामुळे खापर फोडायला बाहेरचं कुणी मिळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या ऑफिसातून निरोप आला : चूक कुणाची, त्या माणसाचं नाव संध्याकाळपर्यंत लेखी कळवा.

आमच्या साहेबांकडे नाव तयार होतं. नवी.

नवीला कंपनीत येऊन तीन वर्षं झालीत. तिच्यानंतर कुणाला घेतलंच नाही, म्हणून ती अजून नवी. आणि आळ तिच्यावर यायला कारणही होतं. आमचा कर्नल दोन प्रकारच्या चिपांवर चालतो. जुनी चिप सावकाश, तिला आम्ही कासव म्हणतो. नवीन चिप वेगवान, ती हरण. कर्नलमध्ये डिले नावाचं एक फंक्शन आहे. इतका वेळ थांब म्हटलं की तितका वेळ थांबायचं, बाकी काही करायचं नाही. कित्येकांना जन्मभर जमणार नाही असं काम. त्याचं मूळ रूप सगळ्या चिपांसाठी एकच, आणि ते आकडे मोजत थांबतं. लपाछपीत राज्य आलेलं पोर मोजतं ना, तसं. कासवाला ते बरोबर बसतं. हरणाला तेच मोजायला दिलं, की डोळे मिटायच्या आत शंभर म्हणून मोकळं.

म्हणून नवीने हरणासाठी वेगळं डिले लिहिलं होतं. ते आकडे मोजत नाही, चिपमधल्या घड्याळाकडे बघतं. नियम असा, की एखाद्या चिपसाठी खास फंक्शन असेल तर तेच चालतं आणि सर्वांसाठीचं गप्प बसतं.

पाहुण्यांच्या दारावर हरण होतं. आणि दार तर डोळे मिटायच्या आत मिटत होतं.

"म्हणजे तुझं फंक्शन चुकलं," साहेब म्हणाले. "किंवा तू ते टाकायला विसरलीस. दोन्हीपैकी जे आवडेल ते पत्रात लिहितो."

आमचा धंदा एवढासा. सगळे सगळ्यांना ओळखतात. असं नाव एकदा लेखी बाहेर गेलं, की नवीला कुणी घराच्या बेलचं कामसुद्धा देणार नाही, हे तिला कळत होतं. ती स्वतःचंच कोड परत परत वाचत बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की चूक आपलीच असणार असं तिला आता वाटायला लागलंय.

तेवढ्यात साहेबांची आत्या आली.

"मी दुसऱ्या रांगेत होते," छत्री कोपऱ्यात ठेवत ती म्हणाली. "मुख्य नाटक काही रंगलं नाही. पण दाराचं काम छान झालं."

आत्याने आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजचे कर्नल लिहिले. साहेबांना लहानपणी तिनेच सांभाळलं, त्यामुळे सगळ्या जगात साहेब फक्त तिला घाबरतात. नवी, साहेब आणि माहितीपुस्तिका लिहिणारा मी, अशा तिघांदेखत तिने नवीच्या शेजारी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि कोड वाचलं. मग खाली उतरवून आणलेली दाराची पेटी जोडायला सांगितली.

"पोरीचं फंक्शन बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि ती विसरलेलीही नाही. ते या पेटीत आहे."

"मग काल दारात मोजत कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"तेच तर. मोजणारं दुसरंही याच पेटीत आहे. या मुलीचं नुसतं बसून आहे. त्याला कुणी हाकच मारत नाही."

२

"हाक मारत नाही म्हणजे?" मी विचारलं. पुस्तिकेत हे कधी लिहिलं नव्हतं.

"तू कार्यक्रमाला जातोस, तेव्हा बायकोसाठी खुर्चीवर रुमाल टाकतोस की नाही?"

"ती माझ्यासाठी टाकते."

"तेच. सर्वांसाठीचं फंक्शन म्हणजे तो रुमाल. त्याच्यावर 'वीक' असा शिक्का असतो. अर्थ एवढाच, की खरा माणूस आला तर मी उठेन. नवीचं फंक्शन म्हणजे खरा माणूस. तो आला, की रुमाल उचलायचा. इथे माणूस येऊन उभा आहे आणि खुर्चीत रुमालच बसलाय."

"कुणीतरी मुद्दाम केलं," साहेब म्हणाले. त्यांना एकदम बरं वाटल्यासारखं दिसलं. "घातपात."

"तुझ्या कंपनीत मुद्दाम काही होतं का रे कधी?"

आत्याला भेटीगाठींसाठी मागची खोली दिली. खराब झालेल्या खुर्च्या आम्ही तिथे ठेवतो, म्हणून बसायला ऐसपैस जागा असते. मला तिने बरोबर घेतलं.

"आत्या, तुम्ही विचारलंत तरी कबूल कोण करणार?" मी म्हणालो. "चूक झाली असं कुणी सांगतं का?"

"चूक मी विचारणारच नाहीये. मी विचारणार, तू इतक्यात काय चांगलं काम केलंस. चांगलं काम लपवणारा माणूस मला अजून भेटायचाय."

३

पहिले आले गुरुजी. सर्वांसाठीचं डिले त्यांनीच लिहिलं, हरण जन्माला यायच्या कितीतरी आधी. गुडघ्यामुळे ते हळू चालतात आणि स्वभावामुळे हळू बोलतात. एखादं वाक्य त्यांनी सुरू केलं, की माणूस मध्ये चहा घेऊन येऊ शकतो.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण घाई. सगळ्यांना घड्याळ बघायचंय. आम्ही मोजायचो."

"तिच्यासाठी तुम्ही कधी काही चांगलं केलंत?"

गुरुजी जरा खुलले. "केलं की. ती आली तेव्हा सारखी विचारायची, गुरुजी, खास चिपसाठी कुठलं फंक्शन बदलता येतं, कुठलं नाही? कळायला काही सोय नव्हती. माझी एकेक फाइल उघडून शिक्का शोधत बसायची बिचारी. मला दया आली. गेल्या वर्षी मी हेडरमध्येच लिहून टाकलं. हेडर म्हणजे, बाकीच्या फाइली सुरुवातीला जी वाचतात ना, ती. तिथे डिलेच्या नावापुढे सरळ 'वीक' लिहिलं. पाटीच लावली म्हणा. कुणालाही लांबून दिसावी."

"तिला सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? मी काय जाहिरात करतो का?"

ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "तिचं नाव खरंच पाठवणार?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या पद्धतीने मोजलं असतं तर हे झालंच नसतं," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मग नेटके काका. सगळ्या फाइली जोडून त्यांचा एक प्रोग्रॅम करायचं खातं यांच्याकडे. पेन्सिली उंचीप्रमाणे लावतात, कप रंगाप्रमाणे लावतात, आणि लिफ्टमध्ये आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायचा मोह आवरताना त्यांना आम्ही स्वतः पाहिलंय. मागच्या खोलीत आल्या आल्या त्यांनी मोडक्या खुर्च्या एका ओळीत केल्या.

"मी कुणाच्या कोडला बोट लावलेलं नाही," बसायच्या आधीच ते म्हणाले.

"तसं नाही विचारत. चांगलं काय केलंस?"

"ते विचारू नका. लाज वाटते." मग लगेच सांगायला लागले. "फाइली कोणत्या क्रमाने जोडायच्या याची एक यादी असते. आत्या, तुम्ही ती बघितली असती तर जेवला नसतात. हरण सगळ्यात वर, मग मोटर, मग कॉमन, मग मध्येच दिवा. कोण कुठे बसलंय, कशाला कशाचा पत्ता नाही. उद्घाटनाच्या आधी मनात आलं, पाहुणे येणार, घर आवरलेलं असावं. सगळं वर्णक्रमाने लावलं. कॉमन वर, हरण सगळ्यात खाली. इतकं प्रसन्न वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं."

"काय म्हणाली?"

"पाहुणे यादी बघणार आहेत का, म्हणाली. तिला सौंदर्यदृष्टी नाही."

"सर्वांसाठीचं डिले कॉमनमध्ये असतं ना?"

"हो. का?"

"काही नाही. खुर्च्या छान लावल्यास."

तिसरा शंकासूर. हा चाचणीवाला. कुठलीही गोष्ट चालली की याला वाईट वाटतं.

"तुझं चांगलं काम?"

"मी गप्प बसलो."

"याला चांगलं काम म्हणतात?"

"माझ्या बाबतीत म्हणतात. विचारा कुणालाही." तो मोडक्या खुर्चीवर बसला, कारण चांगली खुर्चीही मोडेलच असं त्याचं मत आहे. "दार बसवलं की शेवटची चाचणी मी घेतो. या वेळी घेतलीच नाही. सांगण्यात आलं, की कोडची एक ओळ बदललेली नाही, तर चाचणी हवी कशाला? सगळे उद्घाटनाच्या तालमीला चला. मला टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. मी वाजवल्या. कुठे काही बोललो नाही."

"सांगण्यात आलं म्हणजे? कुणी सांगितलं?"

शंकासुराने बंद दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "ज्यांच्याकडे तुम्ही जेवायला थांबणार आहात त्यांनी."

४

दुपारी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. नवी टोकाला बसली होती. साहेबांच्या हातात पत्राचा मसुदा होता. नावाची जागा अजून कोरी होती, पण त्यांच्या पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"फाइली जोडणाऱ्या प्रोग्रॅमला लिंकर म्हणतात," आत्या म्हणाली. "त्याला एकाच नावाची दोन फंक्शनं दिली तर काय होतं? नेटके, तू सांग."

"दोन्हीवर शिक्का नसेल तर तो ओरडतो. काम बंद पाडतो. एका खुर्चीवर दोन माणसं चालत नाहीत त्याला."

"या वेळी ओरडला?"

"चकार शब्द नाही."

"म्हणजे दोघांपैकी निदान एकावर तरी 'वीक'चा शिक्का होता. आता एकावरच असता, तर बिनशिक्क्याचं फंक्शन बसलं असतं, म्हणजे नवीचं. ते बसलं नाही. मग उरलं काय?"

बोलली ती नवी, त्या दिवसात पहिल्यांदाच.

"दोन्हीवर शिक्का होता." मग तिचा आवाज एकदम चढला. "पण आत्या, मी नाही लिहिला. माझ्या फाइलमध्ये तो शब्दच नाही. मी सकाळपासून तेच बघतेय."

"तू नाही लिहिलास. तू वाचलास. तुझी फाइल सुरुवातीला काय वाचते?"

"हेडर."

"आणि गुरुजींची फाइल?"

"हेडरच."

"हेडरमध्ये डिलेच्या नावापुढे जे लिहिलंय, ते त्या नावाच्या प्रत्येक फंक्शनला लागू होतं. कुणाचं कुठलं, ते हेडरला काय माहीत? पाटी रुमालासाठी लावली होती. ती खऱ्या माणसाच्याही गळ्यात पडली. दोघंही उभे राहून म्हणतात, दुसरा कोणी आला तर मी उठतो."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "पण ती पाटी मी हिच्यासाठी लावली," ते म्हणाले.

"माहितेय."

"थांबा," साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला बरोबर प्रश्न असावा. "पाटी गेल्या वर्षीची. मग वर्षभर दारं नीट कशी चालली?"

"शाब्बास. दोन्हीवर शिक्का असला की लिंकर भांडत नाही. ओळीत पहिला दिसेल त्याला बसवतो आणि पुढे जातो. वर्षभर ओळीत पहिलं कोण होतं?"

सगळे नेटक्यांकडे बघायला लागले. नेटके काका समोरच्या कागदांचे कोपरे जुळवत होते. त्यांचे हात थांबले.

"हरण," ते म्हणाले. "हरण वर होतं. मी त्याला खाली नेलं."

"बाई," गुरुजी हळूच म्हणाले, "म्हणजे आम्ही दोघांनी मिळून."

"अंदाज झाला. आता बघून घेऊ. नवी, पाटी काढ."

नवीने हेडरमधला तो एक शब्द खोडला. नेटक्यांनी यादीला हात न लावता सगळं परत जोडलं, पेटीत भरलं, आणि टेबलावरच्या छोट्या चाचणीच्या दाराला पेटी लावली. दार उघडलं. शंकासूर घड्याळाकडे बघत उभा होता. दार थांबलं, थांबलं, आणि सांगितलेल्या वेळेला मिटलं.

"बरोबर आहे," शंकासूर म्हणाला. त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं.

"मी हरण परत वर नेऊ का?" नेटक्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका पडला होता, की आता ते आयुष्यभर कपसुद्धा वाटेल तसे ठेवतील असं मला वाटलं.

"कशाला? यादी सुरेख आहे, तशीच राहू दे," आत्या म्हणाली. "कोण आधी बसलंय यावर दार चालायला नको, एवढंच. आता खुशाल कुठेही बसव."

५

"झालं तर मग," साहेबांनी पेन उचललं. "नाव कुणाचं घालू? गुरुजींचं की नेटक्यांचं? की दोन्ही?"

"माझं घाला," गुरुजी म्हणाले. "मी तसाही निवृत्त होतोय."

"वर्णक्रमाने ग आधी येतो," नेटके पडल्या आवाजात म्हणाले, "पण न्यायाने माझं घाला."

नवी उठून उभी राहिली. "कुणाचंच घालू नका. गुरुजींनी ते माझ्यासाठी केलं होतं. मीच त्यांना भंडावून सोडलं होतं."

"बस गं," आत्या म्हणाली आणि भाच्याकडे वळली. "सगळ्यांना विचारलं, तुला विचारायचं राहिलं. तू इतक्यात काय चांगलं केलंस?"

साहेब सरसावून बसले. "मी? अगं, मी तर या लोकांचं केवढं केलं. चाचणीची दगदग नको म्हणून ती रद्द केली, आणि सगळ्यांना तालमीला नेलं. गाडीने. फुलं धरायला. शंकासुराला तर पहिल्या रांगेत..."

आणि ते मध्येच थांबले. आत्या फक्त चष्म्यावरून बघत होती. लहानपणी काचेची बरणी फुटायची, तेव्हाही ती अशीच बघत असणार.

"घोटाळे तर रोज होतात," ती म्हणाली. "या दोघांच्या भलेपणाने झाला तो शंकासुराने अर्ध्या तासात पकडला असता. नाराज होऊन का होईना, पण पकडला असता."

"आनंदाने पकडला असता," शंकासूर म्हणाला.

साहेबांनी मसुदा पुढे ओढला. मग लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव अंतिम चाचणी होऊ शकली नाही.' आत्याने ते खोडलं. मग, 'अंतिम चाचणी रद्द करण्यात आली.' तेही खोडलं.

"करण्यात आली म्हणजे काय रे? आपोआप उघडणारी दारं विकतोस, तर तुझ्याकडे सगळंच आपोआप होतं का?"

शेवटी पत्रात एकच वाक्य राहिलं : 'अंतिम चाचणी मी रद्द केली, त्यामुळे चूक सापडली नाही, जबाबदारी माझी.' खाली साहेबांची सही. सही नेहमी झोकदार असते. या वेळी वाचता आली. कोट धुऊन सोबत पाठवला.

पत्र घेऊन माणूस गेला आणि आम्ही सगळे पेटी घेऊन नाट्यगृहावर गेलो. शंकासुराला पूर्ण चाचणी हवी होती, आणि त्याला नाही म्हणायची आज कुणाची छाती नव्हती. नवीने शिडीवर चढून पेटी बसवली. खाली उतरल्यावरही तिचा हात शिडीवरच होता.

"आधी मी जातो," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुमचा गुडघा," साहेब म्हणाले. "आपण नेटक्यांना पाठवू."

"गुडघ्यामुळेच म्हणतो. माझ्याएवढं हळू इथे कुणालाच चालता येत नाही."

दार उघडलं. गुरुजींनी काठी आत टेकवली, एक पाय आत घेतला आणि बरोबर मधोमध उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या काचांकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं. मग त्यांनी मान वळवून नवीकडे बघितलं.

"पोरी, आता मिटेल का गं?"

नवीने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. शिडीवरचा हात तिने काढून घेतला होता.

"नाही गुरुजी," ती म्हणाली. "पुष्कळ वेळ आहे. सावकाश जा."